कॉफीची नावं कशी ओळखायची, आणि घरी कुठली कॉफी कशी करायची

बाबांना पहिल्यांदा कॅफेत घेऊन गेले तेव्हा त्यांनी मेनूकडे न बघताच एस्प्रेसो सांगितली, कारण एस्प्रेसो म्हणजे लग्नातली, ते मोठं चकचकीत मशीन, वाफेचा फुसफुस आवाज, वर फेस आणि फेसावर भुरभुरलेली कोको पावडर, हे त्यांच्या डोक्यात गेली चाळीस वर्षं पक्कं बसलेलं. समोर आली ती दोन घोटांची काळी कडू कॉफी. त्यांनी ती शांतपणे संपवली, पण घरी येईपर्यंत एकच विचारत होते, मग लग्नात देतात ती कुठली?

प्रश्न अगदी बरोबर होता. लग्नातल्या कॉफीत इन्स्टंट पावडर, साखर आणि दूध असतं आणि मशीन फक्त वाफ सोडून दूध गरम करतं, फेस आणतं. खऱ्या एस्प्रेसोत गरम पाणी जोराच्या दाबाने दाबून भरलेल्या पुडीतून ढकलतात, त्यात दूध नसतंच. नाव एक, वस्तू दोन. आणि असा घोळ फक्त एस्प्रेसोचा नाहीये, त्यामुळे मी हे सगळं नीट एका जागी लिहायचं ठरवलं.

एक गोष्ट डोक्यात बसली की कुठलाही मेनू वाचता येतो. कॉफीचं नाव बहुतेक वेळा दोनच गोष्टी सांगतं, पाणी पुडीतून कसं गेलं (मुरून, थेंब थेंब गळून की दाबाने) आणि त्यात नंतर दूध किती आणि कसं पडलं. बी कुठली, भाजणी कशी, चिकोरी आहे का, हे सगळं चवीचं, ते पाकिटावर वाचायचं.

सगळ्यात आधी पावडरचं. दुकानात एकाच फळीवर दोन अगदी वेगळ्या वस्तू शेजारी शेजारी असतात आणि दोन्हींना आपण कॉफी पावडरच म्हणतो. एक इन्स्टंट, म्हणजे कारखान्यात आधीच कॉफी करून तिच्यातलं पाणी काढून टाकून उरलेली भुकटी. गरम हवेत फवारून वाळवली की बारीक पावडर किंवा दाणे होतात, आणि गोठवून वाळवली की ते टोकदार खडे होतात जे महाग बाटलीत मिळतात, त्यात वास जास्त टिकतो. ही पाण्यात विरघळते, गाळायचं काम नाही. दुसरी म्हणजे भाजलेल्या बिया दळून केलेली पूड. ही कधीच विरघळत नाही, हिचा फक्त अर्क घ्यायचा आणि चोथा टाकायचा. माझ्या ओळखीत कितीतरी जणांनी हौसेने फिल्टर कॉफीचं पाकीट आणलं, सरळ दुधात चमचाभर टाकलं, तळाशी गाळ बसला आणि पाकीट वाईट म्हणून ठेवून दिलं. पाकीट चांगलं होतं हो. पाकिटावर इन्स्टंट लिहिलंय की फिल्टर, एवढं आधी बघा.

तिथेच खाली अजून एक ओळ असते, कॉफी इतके टक्के, चिकोरी इतके टक्के. चिकोरी ही कॉफी नाहीच, ते एका झाडाचं मूळ, वाळवून भाजून दळलेलं, आपल्याकडे गुजरातेत जामनगरकडे आणि उत्तर प्रदेशात एटाच्या भागात पिकवतात. तिच्यात कॅफीन नसतं. ती रंग गडद करते, डिकॉक्शन (पुडीतून उतरलेला कॉफीचा अर्क) दाट करते आणि थोडी गोडसर कडवट चव देते. आपल्याकडच्या नियमानुसार अशा मिश्रणात कॉफी कमीत कमी ५१ टक्के असावी लागते, म्हणजे जवळजवळ निम्मी चिकोरी असलेलं पाकीटसुद्धा अगदी कायदेशीर आहे आणि स्वस्तातली बरीच तशीच असतात. मी चिकोरीच्या विरोधात अजिबात नाही, दुधाच्या फिल्टर कॉफीत १५-२० टक्के चिकोरी मला हवीच असते, तिच्याशिवाय दुधात कॉफी पातळ वाटते. पण ४० टक्क्यांच्या वर गेलं की कॉफीचा वास संपतो, उरतो तो नुसता रंग. आणि काळी कॉफी, मोका पॉट, फ्रेंच प्रेस (ही भांडी पुढे येतीलच) यासाठी मात्र चिकोरी शून्य हवी.

आता बिया. मुख्य जाती दोन, अरेबिका आणि रोबस्टा. अरेबिका उंचावर, थंड हवेत वाढते, चव नाजूक, थोडी आंबूस, वास छान. रोबस्टा खालच्या गरम दमट भागात येते, रोगाला टिकते, कडवट, दणकट, आणि कॅफीन अरेबिकाच्या जवळजवळ दुप्पट. आपल्या देशात रोबस्टाच जास्त पिकते. शंभर टक्के अरेबिका लिहिलं की भारी असं समजू नका, दुधाच्या कॉफीला थोडी रोबस्टा असली की दुधातून चव वर येते, आणि एस्प्रेसोवरचा तो सोनेरी थर रोबस्टामुळे जाड होतो.

भारतात ही बी आली कशी याची गोष्ट सांगतात ती अशी की सतराव्या शतकात बाबा बुडन नावाचे सूफी फकीर हजहून परतताना येमेनमधून सात बिया घेऊन आले, तेव्हा तिथून कोंब फुटेल अशी बी बाहेर न्यायला बंदी होती, आणि त्यांनी त्या चिकमगळूरच्या डोंगरात लावल्या. त्या डोंगरांना आजही बाबा बुडनगिरी म्हणतात. आज देशातली सगळ्यात जास्त कॉफी कर्नाटकात होते, कोडगू, चिकमगळूर, हासन, मग केरळात वायनाड, तमिळनाडूतले डोंगर, आणि आंध्रात अराकू, जिथे आदिवासी शेतकरी पिकवतात. २०१९ मध्ये कूर्ग, चिकमगळूर, बाबा बुडनगिरी आणि अराकूच्या अरेबिकाला आणि वायनाडच्या रोबस्टाला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं. आणि आपल्या महाराष्ट्रातसुद्धा कॉफी होते बरं का, अमरावती जिल्ह्यात चिखलदऱ्याला, गेलात तर नक्की चौकशी करून आणा. आपल्या देशातली कॉफी मोठ्या झाडांच्या सावलीत वाढवतात आणि त्याच झाडांवर मिरीचे वेल चढवलेले असतात. मार्च एप्रिलमध्ये एक पाऊस पडून गेला की झाडं पांढऱ्या फुलांनी भरतात, वास थेट मोगऱ्या-जाईच्या जवळचा, त्या दिवसांत कोडगूला जायला मिळालं तर सोडू नका.

माटुंग्याला किंवा बंगळूरला जिथे समोर दळून देतात तिथे पाटीवर प्लांटेशन ए, पीबेरी, चेरी असे शब्द असतात आणि माणूस गोंधळतो. कॉफीचं फळ लाल, आत दोन बिया पाठीला पाठ लावून चपट्या. एखाद्या फळात एकच गोल बी येते ती पीबेरी, मटारासारखी, वेगळी निवडून विकतात. फळाचा गर काढून, आंबवून, धुवून वाळवलेली अरेबिका म्हणजे प्लांटेशन, चव स्वच्छ. आख्खं फळ तसंच उन्हात वाळवून मग सोललेली ती चेरी, तिला जरा जड आणि फळासारखी चव. ए, बी हे आकाराचे दर्जे. मी साधारण अर्धी पीबेरी, अर्धी प्लांटेशन ए आणि वर १५ टक्के चिकोरी असं सांगते, पहिल्यांदा घेणाऱ्याने हेच सांगून बघावं आणि मग आपल्या जिभेप्रमाणे बदलावं.

मॉन्सून्ड मलबार असं पाकीट दिसलं तर एकदा घ्याच. शिडाच्या जहाजांच्या काळात आपली कॉफी युरोपात पोचायला महिनोन् महिने लागायचे, समुद्राच्या दमट हवेत बिया फुगायच्या, पिवळट व्हायच्या, आंबटपणा जायचा, आणि तिकडच्या लोकांना त्याच चवीची सवय लागली. नंतर आगबोटी आल्या, १८६९ मध्ये सुएझ कालवा उघडला, प्रवास छोटा झाला आणि ती चव गेली, मग ती परत आणायला पश्चिम किनाऱ्यावर पावसाळ्यात गोदामांत बिया पसरून मुद्दाम मॉन्सूनचं वारं द्यायला लागले. अजूनही मंगळूरकडे जून ते सप्टेंबर हेच चालतं. दुधात ही कॉफी फार गोल, मऊ लागते.

भाजणीचं थोडक्यात सांगते. कच्ची बी हिरवट असते आणि तिला गवताचा वास येतो. भाजताना साधारण २०० अंशाच्या आसपास लाह्यांसारखा तडतड आवाज येतो, तिथून थोडंसं पुढे थांबवलं की लाइट रोस्ट, आंबूस आणि फळासारखी, काळी प्यायला चांगली. अजून पुढे मीडियम, आणि दुसऱ्यांदा तडतडल्यावर डार्क, तेल वर आलेलं, कडवट, दुधाला चालणारी. पाकिटावर भाजल्याची तारीख असेल तरच घ्या, भाजून आठवडा ते पाच-सहा आठवडे हा चांगला काळ.

दळण, म्हणजे निम्मी कॉफी

लोक मशीनवर पैसे घालवतात आणि दळणाकडे बघतच नाहीत. पाणी पुडीला जितका कमी वेळ भेटणार तितकी पूड बारीक हवी, जितका जास्त वेळ तितकी जाड. आपल्या स्वयंपाकघरातल्या मापात सांगायचं तर फ्रेंच प्रेस आणि कोल्ड ब्रू (गार पाण्यात मुरवलेली कॉफी) ला लापशी रव्यासारखं, कागदी फिल्टरला साध्या रव्यासारखं, मोका पॉट आणि साउथ इंडियन फिल्टरला बारीक रव्यापेक्षाही थोडं बारीक पण चिमटीत कणकण लागेल असं, एस्प्रेसोला जवळजवळ पिठीसाखरेच्या जवळ, आणि टर्किश कॉफीला अगदी मैदा. दुकानात दळून घेताना "कशात करणार" हे सांगायचंच.

आणि चव बिघडली तर हे लक्षात ठेवा, कॉफी आंबट आणि पातळ लागली म्हणजे अर्क कमी उतरलाय, पूड बारीक करा नाहीतर वेळ वाढवा. तोंड वाळवणारी कडू लागली म्हणजे जास्त उतरलाय, पूड जाड करा, वेळ कमी करा. साखर वाढवून हे सुटत नाही. पाणी उकळून अर्धा-एक मिनिट थांबायचं, ९० ते ९६ अंश पुरे.

फिल्टर कॉफी

ही मी रोज करते आणि माझ्या मते घरात एकच पद्धत शिकायची असेल तर हीच, कारण भांडं स्वस्त, वीज नको, कागद नको, आणि सकाळी एकदा डिकॉक्शन काढलं की दुपारपर्यंत कोणीही आलं तरी दोन मिनिटांत कॉफी. दोन भांडी एकावर एक, वरच्याला तळाशी बारीक भोकं, आत दांडीवाली चकती, वर झाकण. पितळेचं मिळालं तर छान, स्टीलचं अगदी चालतं.

दोन कपांना तीन गच्च चमचे, साधारण २० ग्रॅम पूड. भांडं पूर्ण कोरडं पाहिजे, ओलं असेल तर पूड भोकांतच चिकटते. पूड टाकून भांडं हलवून सपाट करायची आणि चकतीने हलकं दाबायचं, हलकं म्हणजे मुटका दाबतो तसं नाही, नुसता हात ठेवल्यासारखं. चकती तशीच आत ठेवून तिच्यावरून आधी दोन-तीन चमचे गरम पाणी गोल फिरवून टाकायचं, अर्धा मिनिट पूड फुगू द्यायची, मग उरलेलं पाणी, सगळं मिळून १२० मिली. पूड स्वतःच्या वजनाच्या दुप्पट पाणी धरून ठेवते त्यामुळे खाली ८० मिलीच येणार, त्यात काही चुकलं नाहीये. झाकण लावायचं आणि विसरायचं, वीस मिनिटांत बरंचसं उतरतं, रात्री करून ठेवलं तर सकाळी तयार.

उतरतच नसेल तर तीन कारणं. पूड फार बारीक, चकती फार जोरात दाबलेली, किंवा दोन भांडी इतकी घट्ट बसलीत की खालची हवा बाहेर पडायला जागाच नाही. तिसरं कोणी सांगत नाही पण बऱ्याचदा तेच असतं, वरचं भांडं जरा सैल करून परत ठेवा, लगेच थेंब सुरू होतात. चमच्याने वरून ढवळायला जाऊ नका, मग सगळा गाळ खाली येतो.

दूध म्हशीचं किंवा फुल क्रीम, पाणी न घातलेलं, आणि अगदी कढत. ३५-४० मिली डिकॉक्शन, १०० ते १२० मिली दूध, साखर आधी पेल्यात. डिकॉक्शन कधीही गॅसवर उकळायचं नाही, एका उकळीत सगळा वास जातो आणि कडूपणा उरतो, गार झालं असेल तर वाटी गरम पाण्यात ठेवा, नाहीतर दूध जास्त कढत घ्या. मग डबरा म्हणजे खोलगट वाटी आणि टंबलर म्हणजे पेला, एकातून दुसऱ्यात हातभर उंचीवरून दोन-तीनदा ओतायचं, साखर विरघळते, फेस येतो आणि पिण्याइतकी निवते. कुंभकोणमची डिग्री कॉफी म्हणजे हीच, फक्त दूध अस्सल, लॅक्टोमीटरची डिग्री लावून पाहिलेलं, त्यावरून नाव पडलं असं सांगतात. पहिलं डिकॉक्शन काढल्यावर त्याच पुडीवर परत पाणी टाकून दुसरं काढतात, ते हलकं असतं, ते एकटं कोणाला देऊ नका, पहिल्यात थोडं मिसळायला ठीक.

आपली जायफळाची कॉफी

ही कुठल्याच मेनूवर नसते आणि मला त्याचं वाईट वाटतं. उपासाला चालणारी, पाहुणे आले की, दुपारी झोपून उठल्यावर, कुणाच्या घरी मुलगी बघायला गेले की ट्रेमधून यायची ती कॉफी. इन्स्टंट घराघरांत येण्याआधी आजी जी करायची ती अशी, अर्धा कप पाणी उकळायचं, गॅस बंद करून त्यात दीड चमचा दळलेली पूड टाकायची, वर झाकण, पाच मिनिटं. पूड खाली बसते, मग वरचं पाणी कोऱ्या मलमलच्या फडक्यातून गाळायचं. त्यात अर्धा कप साय न काढलेलं गरम दूध, साखर जरा पुढे, आणि जायफळ सहाणेवर दुधाच्या दोन थेंबात दोन-तीन वेढे उगाळून. वेलची पण घालतात काही घरांत, मी दोन्ही एकत्र घालत नाही, वेलची जायफळाला दाबते. जायफळ हात राखून, जास्त झालं तर कडू होतं आणि गुंगी येते. तयार जायफळपूड वापरली तर त्या चवीच्या जवळपासही जात नाही, अख्खं जायफळ डब्यात वर्षभर टिकतं, तेच ठेवा.

ही पद्धत म्हणजे मुरवलेली कॉफी, आणि फ्रेंच प्रेस ही तीच गोष्ट काचेच्या भांड्यात. ३० ग्रॅम जाड पूड, ४५० मिली पाणी, चार मिनिटं, जाळी खाली दाबायची आणि लगेच सगळी ओतून घ्यायची, भांड्यात ठेवली तर मुरतच राहते आणि कडू होते. टर्किश कॉफीही मुरवलेलीच, फक्त मैद्यासारखी पूड छोट्या दांडीच्या भांड्यात साखरेसकट मंद आचेवर फेस येईपर्यंत, न गाळता, गाळ तळाशी सोडून प्यायची.

मशीनची कॉफी आणि तिची सगळी नावं

वाफेच्या मशीनचं पेटंट मिलानमध्ये लुइजी बेझेरा यांनी १९०१ मध्ये घेतलं, पण नुसत्या वाफेचा दाब कमी पडायचा. दुसऱ्या महायुद्धानंतर आकिले गाजिया यांनी दांडी ओढून दाब वाढवायचं मशीन आणलं आणि तेव्हापासून कपात वर तो सोनेरी फेस दिसायला लागला, क्रेमा म्हणतात तो. आता साधारण प्रमाण असं, १८ ग्रॅम पूड, ९ बार दाब, २५ ते ३० सेकंद, कपात ३६ ग्रॅमच्या आसपास कॉफी. याला डबल शॉट म्हणतात. १२ सेकंदांत भसाभस आली तर पूड जाड आहे, ४५ सेकंद लागले तर बारीक.

इथून पुढे मेनू म्हणजे नुसता बेरजेचा हिशोब आहे. शॉटमध्ये गरम पाणी, अमेरिकानो. शॉटवर चमचाभर फेसाळ दूध, मॅकियातो, इटालियनमध्ये अर्थ डाग लागलेला, म्हणजे कॉफीला दुधाचा डाग, त्यामुळे कप छोटासाच येतो, आणि मोठा कप कॅरमेलवाला हवा असेल तर तसं सांगावं लागतं. शॉट आणि जवळजवळ तेवढंच दूध, कोर्तादो. कॅपुचिनोत कॉफी, दूध आणि वर बोटभर जाड फेस, १५० ते १८० मिलीचा कप, नाव कापुचिन साधूंच्या तपकिरी झग्यावरून. लाते म्हणजे भरपूर दूध आणि वर अगदी पातळ फेस, आणि लाते या शब्दाचा इटालियन अर्थ नुसतं दूध, तिकडे फिरायला गेलात तर काफे लाते म्हणा नाहीतर दुधाचा ग्लास येईल. फ्लॅट व्हाइट ही ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडकडची, कप लातेहून छोटा त्यामुळे कॉफी पुढे येते, दूध रेशमी, फेस नावापुरता, मला कॅफेत हीच आवडते. चॉकलेट पडलं की मोका, नाव येमेनच्या मोखा बंदराचं. आइस्क्रीमवर गरम शॉट ओतला की आफोगातो, हे घरी कडक डिकॉक्शन टाकूनही फार छान होतं.

पहिल्यांदा जात असाल आणि घरची दुधाची कॉफी आवडत असेल तर कॅपुचिनो घ्या. कडक चहावाले असाल तर फ्लॅट व्हाइट किंवा कोर्तादो. गोड दूध आवडणाऱ्यांना लाते. बाबांसाठी आता मी कॅपुचिनो सांगते आणि वर कोको मागून घेते, त्यांच्या मनातली एस्प्रेसो त्याच्या सगळ्यात जवळ आहे.

घरी मशीन नको असेल तर मोका पॉट घ्या. अल्फोन्सो बियालेत्ती यांनी १९३३ मध्ये काढलेलं आठ कोनांचं ॲल्युमिनियमचं भांडं, खाली पाणी, मध्ये पूड, वर कॉफी. एस्प्रेसो नाही होत यात, दाब एक-दोन बारच असतो, पण दुधासाठी कडक कॉफी मिळते. खालच्या भागात पाणी गरमच टाकायचं आणि वाफेच्या व्हॉल्व्हच्या खालपर्यंतच, व्हॉल्व्ह बुडवायचा नाही, तो सुरक्षेसाठी आहे. पूड सपाट भरायची पण दाबायची नाही, झाकण उघडं ठेवून मंद गॅसवर, कॉफी मधासारखी यायला लागते आणि जसा गुडगुड आवाज सुरू झाला तसा गॅस बंद करून तळ गार पाण्याखाली धरायचा. शेवटचं फसफसतं पाणी आलं की तेच कडू करतं. आपल्या शेगडीच्या जाळीवर छोटा पॉट डुगडुगतो, बाजारात चौकोनी लोखंडी जाळी मिळते ती वर ठेवा. इंडक्शन असेल तर स्टीलचा बघून घ्या, ॲल्युमिनियमचा चालत नाही.

फेसाळ दूध घरी करायचं तर दूध ६० ते ६५ अंशापर्यंतच, म्हणजे बोट क्षणभर टेकेल पण ठेववणार नाही इतकं, ते फ्रेंच प्रेसमध्ये ओतून दांडी वीसेक वेळा भराभर खालीवर करा. उकळलेलं सायीचं दूध आधी गाळून घ्या. ७० च्या वर गेलं की फेस खरखरीत होतो आणि दुधाचा गोडवा जातो.

कागदी फिल्टर, म्हणजे शंकूसारख्या भांड्यात कागद लावून गाळायची, व्ही सिक्स्टी वगैरे, ही काळी कॉफी पिणाऱ्यांसाठी. कागद फिल्टर जर्मनीत मेलिटा बेंट्झ या गृहिणीने १९०८ मध्ये मुलाच्या वहीचा टिपकागद वापरून काढला, आज जगभर तीच कल्पना. १५ ग्रॅम पूड, २४० मिली पाणी, कागद आधी ओला करून, थोडं थोडं गोल ओतत तीन मिनिटांत संपवायचं. लाइट रोस्ट यातच खुलतो.

फेटलेली कॉफी मात्र इन्स्टंटचीच. २०२० मध्ये दालगोना म्हणून सगळीकडे झाली ती आपल्या घरांत आधीपासून होतीच, दोन चमचे कॉफी, दोन चमचे साखर, चमचाभर पाणी, आणि पांढरट तांबूस होईपर्यंत फेटत राहायचं. साखर कमी करू नका, साखरेच्या दाट पाकामुळे बुडबुडे जास्त टिकतात. आणि फिल्टरची पूड यात फेटून काही होणार नाही, कारण वर सांगितलं, ती विरघळतच नाही.

उन्हाळ्यात कोल्ड ब्रू. १०० ग्रॅम जाड पूड, ८०० मिली साधं पाणी, बरणीत ढवळून फ्रीजमध्ये १४ ते १६ तास, मग चक्का टांगतो तसल्या फडक्यातून गाळायचं, पण त्यासाठी फडकं वेगळं ठेवा, दह्याचा वास कॉफीला लगेच लागतो. पिळू नका. गाळलेलं फ्रीजमध्ये आठवडाभर राहतं, पिताना तेवढंच पाणी किंवा दूध आणि बर्फ. आइस्ड कॉफी वेगळी, ती गरम कॉफी करून बर्फावर ओतलेली.

किती प्यायची हेही सांगते. आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेने २०२४ मध्ये आहाराच्या सूचना दिल्या त्यात दिवसाला ३०० मिलिग्रॅम कॅफीनची मर्यादा आहे, आणि १५० मिली गाळलेल्या कॉफीत ८० ते १२०, इन्स्टंटमध्ये ५० ते ६५ असं धरलंय. म्हणजे फिल्टरचे दोन-तीन कप झाले की थांबायचं. जेवणाच्या आधी आणि नंतर एक तास नको, अन्नातलं लोह नीट शोषलं जात नाही, बायकांनी आणि मुलींनी हे खरंच पाळावं. गरोदर असाल तर डॉक्टरांना विचारून अजून कमी.

पूड घट्ट झाकणाच्या डब्यात, गॅसपासून आणि उन्हापासून लांब, मसाल्याच्या कप्प्यात अजिबात नाही, कॉफी हिंगाचा वास दोन दिवसांत ओढून घेते. एका वेळी २०० ग्रॅमच आणा. फ्रीजमधून आत-बाहेर केली की ओल धरते.

आणि फिल्टर रोज नुसत्या गरम पाण्याने धुवा, चोथा कुंडीत टाका. महिन्यातून एकदा वरचं भांडं उजेडाकडे धरून बघायचं, भोकं बुजलेली दिसतील, मग पाण्यात व्हिनेगर घालून उकळायचं, बारीक सुईने एकेक भोक मोकळं करायचं, आणि धुवून उन्हात पूर्ण वाळवूनच परत पूड भरायची.